लाडकीची निजलेली भुई

लाडकीला केदारसरांनी फसवलं. मजुरीत नव्हे. मजुरी मी बसून ठरवली होती, आणि मी ठरवलेल्या मजुरीत हात घालायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी तिला एका वाक्याला फसवलं. ते वाक्य त्यांनी कबूल केलं होतं तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या तिच्या पाड्यावर, मोहाच्या झाडाखाली, सगळ्यांच्या समोर. ते त्यांनी आणून दिलं नाही. त्या बोलण्यात मध्यस्थ मी होते.

केदारसर शहरातल्या एका संशोधन संस्थेतले. माणूस वाईट नव्हता, आणि हेच माझ्या डोक्यात जास्त जातं. वाईट माणसाशी कसं बोलायचं ते मला येतं.

पण आधी लाडकी.

मी वरोरची, समुद्रकाठची. सुकी मासळी, बोंबील आणि कोलीम म्हणजे बारीक सुकट, घेऊन डोंगराकडच्या बाजारांत बसता बसता मोठी झाले. आधी डोक्यावर पाटी, मग दुसऱ्याच्या टेम्पोत जागा, मग स्वतःची जुनी जीप. ती मीच चालवते. भावावरून माझ्याशी भांडून तलासरीच्या बाजारात कोणी जिंकलेलं नाही, लाडकी सोडून. कारण ती भांडायचीच नाही. बोंबलांचा वाटा उचलायची, भाव विचारायची, मी सांगितला की वाटा अलगद खाली ठेवायची आणि तिथंच उभी राहायची. जायची नाही, बोलायची नाही. माझ्या डोक्यावरून कुठंतरी लांब बघत राहायची, जणू तिकडे तिचं काही वाळत घातलेलं आहे. गिऱ्हाईकं येत, जात. शेवटी मीच ओरडायचे, "घे गं बाई, घे! उन्हात उभी राहून मरशील आणि पाप माझ्या डोक्यावर!" मग ती हसायची. हसू आधी खांद्यांत यायचं, तोंडावर नंतर.

"वरोरवाली, तू लय बोलतंस," म्हणायची. "बोलून बोलून दमतंस आणि मग देतंस. आधीच दे."

पन्नाशीची की साठीची, कळायचं नाही. बारीक, काळीसावळी, कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं. खाली बसायच्या आधी ती जमिनीला उलटा हात लावायची. तळवा नाही, हाताची पाठ. आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तशी. बाजारातल्या सिमेंटच्या ओट्यालासुद्धा लावायची. मी एकदा विचारलं, "काय बघतेस?" तर म्हणाली, "उठलीय का निजलीय ते." तिची बोली मला हुबेहूब लिहिता येत नाही, थोडी सरळ करून लिहिते आहे. पण हे वाक्य जसंच्या तसं आहे.

त्याचा अर्थ मला तिच्या पाड्यावर गेल्यावर कळला. उरलेली मासळी घेऊन गेले होते. दिवाळी होऊन गेलेली, हवा कोरडी, सागाची पानं गळायला लागलेली. पाड्याच्या वर चढण आहे, तिथं साग, ऐन आणि कुड्याचं रान आहे. चढणीच्या पायथ्याशी एक झरा आहे, करंगळीएवढा, पण पाडा त्याच्यावर जगतो. झऱ्याच्या बरोबर वर रानाचा एक तुकडा होता. बाकीचं सगळं रान खालून झाडल्यासारखं स्वच्छ, कारण ते झाडलेलंच असायचं. भाताचं रोप टाकायच्या आधी त्या वाफ्यावर पालापाचोळा पसरून तो जाळतात, त्याला राब म्हणतात, आणि राबासाठी पाड्यातली प्रत्येक बाई रानातून पातेरा गोळा करते. पातेरा म्हणजे झाडाखाली पडलेली सुकी पानं. टोपल्याच्या टोपल्या लागतात. मात्र झऱ्यावरच्या त्या तुकड्यातलं पान कोणी उचलायचं नाही, असा लाडकीच्या सासूचा नेम होता आणि सासूमागे तो लाडकीने सांभाळला. त्या तुकड्याला ते 'निजलेलं' म्हणत.

"भुई निजलीय तिथं," लाडकी म्हणाली. "पांघरूण वढायचं नाय."

आणि तिथं मोठ्याने बोलायचंही नाही. मला हे कठीण गेलं. मी पाय ठेवला तर पोटरीपर्यंत आत गेला. वरची पानं खुळखुळली, मग आत काहीतरी मऊ लागलं, मग गार. ऊन वरून गाळून येत होतं आणि त्या तपकिरी पसाऱ्यावर सोन्याच्या ठिगळांसारखं हलत होतं. एक पान सुटलं, फिरत फिरत खाली आलं, आणि ते टेकलं त्याचा आवाज मला ऐकू आला. बाजारात आयुष्य गेलेल्या बाईला पान टेकल्याचा आवाज ऐकू यावा! मी कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. लाडकी बाजूला बसून होती. वाटा खाली ठेवून उभी राहायची तशीच.

लाडकीचं म्हणणं, निजलेलं आहे म्हणून झरा मे महिन्यापर्यंत टिकतो. पानांखाली भुई ओली राहते, ती हळूहळू खाली पाणी सोडते. तिचा दीर लखमा याचं म्हणणं वेगळं. झरा खडकातून येतो, पानांचा काय संबंध? रान विरळ होत चाललं, पातेरा पुरत नाही, आणि एवढा ढीग म्हातारीच्या नेमासाठी कुजवायचा? लखमाही खोटा नव्हता. त्याच्या घरात खाणारी तोंडं जास्त आणि भाताचा वाफा मोठा. दर साल होळीच्या अलीकडे, म्हणजे पातेरा गोळा करायचे दिवस आले की, हे भांडण व्हायचं आणि दर साल लाडकी ते गप्प उभी राहून जिंकायची. पण दर साल तिच्या बाजूने उभं राहणारं एक माणूस कमी होत होतं.

अशात केदारसर आले. दोन हजार पंधराची दिवाळी उलटली होती. डहाणू स्टेशनवर त्यांना गाडी हवी होती आणि माझी उभी होती. चिखल्याकडची जमीन बघून परत येताना, चिकूच्या वाड्यांमधून जाताना, त्यांनी मला त्यांचं काम समजावलं. माणूस समजावून छान सांगायचा. जगातली प्रत्येक वस्तू, म्हणे, आपल्या उबेने बारीक लहरी सोडत असते, दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत. कोरडी माती जास्त सोडते, ओली कमी. आकाशातला उपग्रह त्या टिपतो आणि कुठली जमीन ओली, कुठली कोरडी ते सांगतो. शेतावर नीट जमतं. रानात मात्र गोंधळ होतो. झाडं मध्ये येतात ते ठीक, त्याचा हिशोब करता येतो. पण झाडांखालचा पालापाचोळा काय करतो, ते कुणी नीट बघितलेलं नाही.

"मला अशी जागा हवी ताई, जिथं एकीकडे पाचोळा जसाच्या तसा आहे आणि लगेच शेजारी तो काढलेला आहे."

मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, "आहे."

कागदोपत्री परवानगी त्यांची त्यांनी आणली. पाड्याची परवानगी मी मिळवून दिली. मोहाखाली बसलो. मी नमुने काढायची मजुरी ठरवली, लाडकीची आणि लखमाची सारखी. खड्डे तुम्हीच बुजवायचे हे ठरवलं. पाड्यातलं आजारी माणूस त्याच गाडीतून फुकट न्यायचं हे ठरवलं. केदारसरांना घाम फुटला होता. मग मी लाडकीकडे वळले, "तुला आणखी काय हवं ते आत्ता बोल."

ती बराच वेळ लांब बघत राहिली. मग सरांना म्हणाली, "तुझा यंत्र माझ्या भुईला काय विचारल, आणि भुई काय सांगल, ते हितं येऊन सांगायचा. या सगळ्यांच्या पुढं. निजलेली ओली हाय का झाडलेली."

"एवढंच?" सर हसले.

"येवढंच."

लखमा पुढे सरकला. "आणि यंत्र बोलंल ते वैनी मानणार?"

"मानीन. निजलेली कोरडी म्हणाला तर मीच पयली टोपली भरीन. तवर कोणी पान उचलायचं नाय."

पाड्याने मान हलवली. सर म्हणाले, काम उन्हाळ्यात संपेल, त्यानंतरच्या होळीच्या आत येऊन सांगतो. आणि मी, सगळं जग तोलून घेणारी, छाती ठोकून म्हणाले, "मी आहे ना मध्ये."

निजलेलं आणि झाडलेलं यांच्या शिवेवर लोखंडी खांब उभा राहिला, तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा उंच. त्याच्या टोकाला चौकोनी पत्र्याचा कर्णा, तोंड खाली केलेला. तो कधी इकडच्या जमिनीकडे वळायचा, कधी तिकडच्या. आवाज काही नाही. लाडकीने त्याचं नाव ठेवलं 'ऐकणारा'. सकाळी आली की त्याच्या पायाशी उलटा हात लावून बघायची, मग खुणेनंच विचारायची, झोप लागली का?

यंत्र खरं बोलतं का हे तपासायला रोज दोन्हीकडून मातीचे आणि पाचोळ्याचे नमुने डब्यांत भरायचे, तोलायचे, भट्टीत वाळवायचे, परत तोलायचे. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. इथं एक चूक झाली, आणि पुढचं सगळं त्या चुकीवर गेलं. सरांच्या कागदावर रकाने दोन: पाचोळा आणि माती. लाडकीकडे थर चार. वरचा 'खुळखुळा', त्याखाली 'मऊ', त्याखाली 'काळा', आणि मग भुई. काळा म्हणजे पान कुजून कुजून झालेलं ते, ज्यात पानाची शीरही उरत नाही, पण मातीही झालेली नसते. लाडकी तो पाचोळ्याच्या डब्यात भरायची, कारण तिच्या लेखी ते पांघरूणच. लखमा तोच थर मातीच्या डब्यात भरायचा, कारण काळं दिसतं ते माती. दोघं आळीपाळीने भरत होते. बरेच दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं तेव्हा सर डोक्याला हात लावून बसले. मी लखमावर ओरडायला तोंड उघडलं आणि आठवलं की आम्ही निजलेल्यात उभे आहोत. मी आयुष्यात कुजबुजत भांडले ते तिथंच.

"तुला डोळे आहेत का गारगोट्या?" मी कुजबुजले.

"मला कोणी सांगितला चार हाय म्हणून?" लखमा कुजबुजला. "कागदावर दोन लिवलं."

"सर, तुमच्या कागदाला अक्कल नाही का?"

लाडकीच्या खांद्यांत हसू आलं. तिने सरांचा हात धरला, बाही वर सारली आणि तो पातेऱ्यात कोपरापर्यंत खुपसला. "डोळे मीट," म्हणाली. सरांनी मिटले. "खुळखुळा. हा मऊ. आता काळा... गार लागला? हां. आता दाब. ही भुई." सर बराच वेळ डोळे उघडेनात. काढला तेव्हा हात काळा झाला होता आणि चेहरा लहान पोरासारखा. मग त्यांनी कागदावर रेघा मारून चार रकाने केले. मागचे डबे मात्र बिघडले ते बिघडलेच.

जानेवारीत अवकाळी पाऊस आला, अर्धा तास. दुसऱ्या दिवशी सर संगणकावरची रेघ दाखवत खुशीत होते. बघा, म्हणे, दोन्हीकडे ओल दाखवतोय. लाडकीने निजलेल्यात हात घातला, वरच्या पानांखालचा चिमूटभर चुरा आणला आणि सरांच्या तळहातावर सोडला. पिठासारखा भुरभुरला. पाऊस वरच्या पानांनीच पिऊन टाकला होता.

"तुझा ऐकणारा पांघरुणाला हात लावतो," ती म्हणाली, "आणि सांगतो पोर भिजला."

आम्ही सगळे हसलो. लखमा मात्र झाडलेल्या बाजूला गेला, तिथली माती घेऊन आला. ओली होती. "हे बघ वैनी. उघड्या भुईला पाणी पोचला. तुझी ही उपाशी रायली."

लाडकीने सगळ्या पाड्यासमोर हात लुगड्याला पुसला, परत पुसला. मग म्हणाली, "आज नको बघू. आठ दिसांनी बघ."

आठ दिवसांनी मी मुद्दाम गेले. झाडलेल्या बाजूची माती पापुद्रा धरून तडकली होती. निजलेल्यात हात घातला तर काळा थर गार, आणि त्याखालची भुई बोटाला चिकटत होती. जुनी, दिवाळीआधीची ओल होती ती, वरचा पाऊस तिच्यापर्यंत आलाच नव्हता आणि ती वर गेलीही नव्हती. लखमाने हात घातला. काढला. बोटाला चिकटलेली माती बघत राहिला. पण यंत्राची रेघ मात्र वेगळंच सांगत होती, किंवा काहीच सांगत नव्हती. सर म्हणाले, पाचोळा कोरडा असतो तेव्हा मातीच्या लहरी त्यातून वर येतात. तो ओलसर झाला की स्वतःच बोलायला लागतो, आणि खालच्या मातीचा आवाज दबतो. काळा थर तर कायमच ओलसर. "त्यामुळे निजलेल्यातली माती मला ऐकूच येत नाही."

त्या दिवसापासून लाडकीने त्याचं नाव बदलून 'बहिरा' केलं. पण चिडून नाही. बहिऱ्या म्हाताऱ्याशी बोलावं तशी ती त्याच्याशी बोलायची, थोडं मोठ्याने. एरवी तिथं स्वतःचा खोकलाही पदरात दाबणारी बाई!

एकदा सरांनी चमकता पत्रा आणला, जाड कागदासारखा. निजलेल्याच्या कोपऱ्यातला पाचोळा उचलून, तो पत्रा भुईवर पसरून, पाचोळा परत वर टाकायचा. म्हणजे मातीचा आवाज बंद, आणि जो येईल तो निव्वळ पाचोळ्याचा. बरोबरच्या माणसांनी फावड्याने पाचोळा उचलून कसाही परत लोटला. लाडकी गुडघ्यांवर बसली आणि पान पान काढायला लागली. खुळखुळा एका बाजूला, मऊ एका बाजूला, काळा पदरात.

"अहो आजी, कशाला?" सर म्हणाले.

"वरचा वर, खालचा खाली," ती म्हणाली. "तुझा बिछाना असा उलटापालटा केला तर तुला नीज येईल?"

सर थांबले. मग तेही गुडघ्यांवर बसले. दुपारभर दोघं पानं लावत होते, एक शिकलेला आणि एक शहाणी, आणि मी गाडीच्या टपाचा ताप सोसत त्यांच्याकडे बघत होते. तेवढी एक दुपार मी त्या माणसावर पूर्ण विश्वास ठेवला. त्या दुपारीच खरं तर मी फसले.

मे महिन्यात खांब उतरवला. सरांनी लाडकीला नमस्कार केला. ती म्हणाली, "होळीच्या आत." ते म्हणाले, "होळीच्या आत."

होळी आली. सर आले नाहीत. लखमाची बायको टोपली घेऊन शिवेपर्यंत गेली, लाडकी वाटेत उभी राहिली, पाडा म्हणाला, येतील, शिकलेली माणसं आहेत, कामात असतील. दुसरी होळी आली. मी दर बाजाराला लाडकीला टाळायला लागले. मी! बोंबलांचा वाटा तिने उचलला की मी भाव सांगायच्या आधीच पिशवीत टाकायचे. ती पिशवीकडे बघायची नाही. "आला काय तो?" एवढंच.

मी फोन लावले. उचलले गेले नाहीत, उचलले तर बैठकीत होते. शेवटी एकदा सापडले.

"ताई, तुम्हाला खरं सांगू? ती जागा आमच्या कामाची निघाली नाही. पाचोळ्यामुळे खालचं काही दिसलंच नाही. आम्ही दुसरीकडे, मोकळ्या जमिनीवर काम हलवलं."

"मग तेच येऊन सांगा."

"त्यात सांगण्यासारखं काय आहे? तो निष्कर्ष नाही हो, तो अडथळा आहे."

"अडथळा?" माझा आवाज वरोरच्या बंदरापर्यंत गेला असेल. "अहो, तुमच्या यंत्रापासून जो मातीला झाकतो तोच उन्हापासूनही झाकतो! तीच तर ती म्हातारी सांगतेय! आणि डबे? डब्यांत काय निघालं? शेवटी तर चार रकाने केले होते ना?"

त्यांचा आवाज खाली आला. "निजलेल्या बाजूची माती ओली होती, उन्हाळ्यापर्यंत. बरीच. पण आधीचे नमुने मिसळले गेले, त्यामुळे मला ते अहवालात घेता आलं नाही. लिहून देता येणार नाही ताई."

"लिहून कोण मागतंय? तिला वाचता कुठं येतं? बोलून सांगा. एक वाक्य. मी स्टेशनवर गाडी घेऊन उभी राहते."

"बघतो. या महिन्यात जमवतो." आवाज खरा होता. त्यांना खरंच यायचं असणार. पण ते आले नाहीत.

मग मीच गेले. पाड्याला मोहाखाली बोलावलं आणि सांगितलं, सरांशी बोलणं झालं, निजलेली ओली आहे, डब्यांनी सांगितलं. सगळे ऐकत होते. लखमाने विडी विझवली आणि अगदी शांतपणे, कसलाही डंख न ठेवता म्हणाला, "वरोरवाली, रागावू नको. पण तू बाजारात कोलीम विकतंस तवा त्यातली वाळू पण कोलीमच म्हणतंस. तुझ्या तोंडचा कसा धरायचा?"

बायका पदराआड हसल्या. तीस वर्षं मी ज्या जिभेवर पोट भरलं, गाडी घेतली, घर बांधलं, ती जीभ त्या झाडाखाली कुणाच्या उपयोगाची नव्हती. मी खरं बोलत होते आणि ते माझ्या तोंडून येत होतं म्हणून खोटं ठरत होतं.

मी लाडकीकडे बघितलं. ती म्हणाली असती, मी मानते, तर कदाचित पाड्याने ऐकलं असतं. पण तीसुद्धा म्हणाली, "तू नाय. त्यानं सांगायचा ठरला व्हता." ठरलं होतं ते ठरलं होतं. तिच्या बाजूने निघणारं वाक्यही तिने ठरल्याबाहेरच्या तोंडून घेतलं नाही.

दोन हजार एकोणीसच्या होळीआधी निजलेलं झाडलं गेलं. भांडण झालं नाही. लखमा तिच्या दारात आला, म्हणाला, "वैनी, यंत्र व्हता ती धरून तीन होळ्या थांबलो." ती म्हणाली, "व्हय, थांबलात." आणि वाटेतून बाजूला झाली. ती अशी सहज बाजूला झाली, हे मला लखमानेच सांगितलं, आणि सांगताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. झऱ्याचं पुढे काय झालं ते मी लिहीत नाही. एका उन्हाळ्यावरून काही सिद्ध होत नाही, असं सरच म्हणाले असते.

त्यानंतर मी एकदाच वर गेले. एप्रिलची दुपार. रान खालून उघडं पडलं होतं, जमीन पिवळट, ऊन कुठंही न अडखळता थेट मातीवर पडलेलं. माझ्या चपलांचा आवाज होत होता. तिथं कधी माझ्या चपलांचा आवाज झाला नव्हता. मला वाटलं कोणी नाही. मग खांब उभा होता त्या जागी लाडकी दिसली, पाठमोरी, गुडघ्यांवर. शेजारी टोपली. कुठून कुठून, कुंपणांखालून, ओहळाच्या काठाने तिने पानं गोळा करून आणली होती आणि एका खाटेएवढ्या जागेवर ती पसरत होती. पसरत नव्हती, लावत होती. खाली कुजायला आलेली मऊ, वर सागाची सुकी. काळा थर नव्हता. तो टोपलीत आणता येत नाही, त्याला वर्षं लागतात. लाडकी ते जाणत होती, कारण मऊ पानं लावायच्या आधी ती उघड्या भुईवर हाताची पाठ ठेवून बराच वेळ थांबायची, कुणाची तरी क्षमा मागितल्यासारखी.

वरून एक पान सुटलं, फिरत आलं, त्या खाटेएवढ्या जागेच्या बाहेर पडलं. तिने ते उचलून आत ठेवलं.

मी पाय वाजवला नाही, तरी तिला कळलं. वळून न बघता, आवाज एकदम बारीक करून तिने विचारलं, "आला काय तो?"

मी म्हटलं, "येतोय." आयुष्यभर भावात खोटं बोलले, पण त्या 'येतोय'एवढं खोटं कधी बोलले नाही.

केदारसर, हे तुमच्यापर्यंत कुणीतरी पोचवेल, कारण मी ते ज्याच्या त्याच्या हातात देणार आहे. तुमच्या संस्थेचा अहवाल मला नको, तुमची माफी नको, यंत्राची सबब तर अजिबात नको. यंत्र बहिरं होतं, तुम्ही नव्हतात. तुमचा हात कोपरापर्यंत काळा झालेला मी पाहिला आहे. निजलेली ओली होती की झाडलेली, हे तुम्हाला माहीत आहे. मी डहाणू स्टेशनच्या बाहेर गाडी लावते, पूर्वीच्याच जागी. तुम्ही या, मोहाखाली बसा, लखमाला बोलवा, सगळ्या पाड्याला बोलवा, आणि ते एक वाक्य तिच्यासमोर तुमच्या तोंडाने बोला. का नाही बोललात, त्याचं उत्तर परतीच्या वाटेवर मला द्या. तेवढी वाट लांब आहे, आणि गाडी मी चालवणार आहे.